काचवाल्याच्या बायकोचा फोटो

मोठी काच एकट्याला उचलता येत नाही. अंगात कितीही जोर असला तरी येत नाही. ती मधून वाकते, वाकली की तडकते, आणि तडकली की आधी मनगटावर येते. म्हणून गेल्या चार महिन्यांत काचवाल्याने एकही मोठी काच बसवली नव्हती. कुणी दुकानाच्या दर्शनी काचेचं काम घेऊन आलं की तो माप ऐकूनच मान हलवायचा.

"दुसरीकडे बघा. जमणार नाही."

"आधी तर करायचात."

"आधी दोघं होतो."

एकतीस वर्षं काचेचं दुसरं टोक त्याच्या बायकोने धरलं होतं. ती पुढे, पाठमोरी, आणि तो मागे. उलटं चालायचं काम त्याचं असायला हवं होतं, पण त्याला पायरी दिसायची नाही आणि तिला पाठीला डोळे असल्यासारखी सगळी वाट ठाऊक असायची. "डावीकडे. हळू. पायरी आहे. अहो, हळू म्हणतेय ना." सगळा बाजार तिच्या 'हळू'ला ओळखायचा.

काम मात्र उतू जात होतं. प्रांताच्या वर एक मोठं राज्य होतं आणि खाली दुसरं. मधली खिंड कुणाची यावरून दोघं तीन वर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते. शहरावर बॉम्ब क्वचितच पडायचा. पण डोंगरात तोफा सुरू झाल्या की इथली हवा हलायची आणि तावदानं खळकन खाली यायची. लोकांनी खिडक्यांना कागदी पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या होत्या. त्याचा काडीचा उपयोग नाही हे काचवाला सांगून दमला होता. तरी लोक चिकटवायचे, कारण काहीतरी केल्यासारखं वाटायचं. तो दिवसभर लहान तावदानं कापायचा, हिरकणीच्या टोकाने काचेवर रेघ ओढायचा, टिचकी मारून तोडायचा, काच घट्ट बसावी म्हणून कडेने लुकण भरायचा आणि घरी जाऊन गप्प बसायचा.

आणि आता निवडणूक आली होती. प्रांताचा प्रमुख निवडायचा होता.

एका बाजूला कॅप्टन होते. फौजेतून निवृत्त, उंचेपुरे, कमी बोलणारे. डोंगरावर तोफा चढवू, पुलावर पहारा ठेवू, आपल्याकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्याला सोडणार नाही, एवढंच ते सांगायचे आणि खाली बसायचे. दुसऱ्या बाजूला मास्तरीणबाई होत्या, सध्याच्या प्रमुख. काखेत फाईल मारून त्या आज वरच्यांकडे तर उद्या खालच्यांकडे बोलणी करायला जायच्या, आणि परत येऊन लोकांना इतकं समजावून सांगायच्या की ऐकणारा शेवटी जांभई द्यायचा.

काचवाल्याचं मत ठरलेलं होतं. ते सहा निवडणुका ठरलेलंच होतं. उमेदवार बदलायचे, पण तो दर वेळी त्यातला दणकट बघून शिक्का मारायचा. तो सात वर्षांचा असताना वरच्यांनी त्याचं गाव जाळलं होतं. बाप त्याला पाठीवर घेऊन रातोरात निघाला होता. पुढे बाप म्हातारा झाला, तरी दाराला दोन कड्या लावून झोपायचा आणि मध्येच उठून त्या हाताने चाचपून बघायचा. ते चाचपणं काचवाल्याच्या अंगात उतरलं होतं. भाषणं त्याला कळायची नाहीत. तो एवढंच बघायचा की वेळ आली तर दारात कोण उभं राहील.

बायको नेमकी उलटी. तिचा बाप होडीवाला होता, दोन्ही काठांची माणसं त्यांच्या घरी येऊन बसायची. ती दर वेळी बोलणी करणाऱ्या माणसाला मत द्यायची. "तुमचा दणकट माणूस दारात उभा राहतो ते खरं," ती म्हणायची, "पण मग आपल्यालाच बाहेर जायचं झालं तर वाट कुठून काढायची?" आणि काच कापता कापता डोळा बारीक करून पुढे जोडायची, "बाकी तो आला तर आपला धंदा जोरात चालेल म्हणा."

यावरून घरात कधी भांडण झालं नाही. मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर जायचे. तो दोन मिनिटांत बाहेर यायचा आणि फाटकापाशी थांबायचा. तिला वेळ लागायचा. आत ती सगळी नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. मग पदराने घाम पुसत बाहेर यायची आणि सांगायची, "झालं. तुमचं पुसून आले."

एका वर्षी तिचे गुडघे दुखत होते. तीच म्हणाली, तुमचं एक, माझं एक, बेरीज शून्य. एवढं चालायचं कशाला? दोघंही घरी बसू. त्याला ते पटलं. हातावर हात मारून ठरलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, लुकण संपलंय, आणतो. ती म्हणाली, मीही जरा धाकटीकडे जाऊन येते. अर्ध्या तासाने मतदानाच्या रांगेत त्याला चार माणसं पुढे एक ओळखीची पाठ दिसली. तिने वळून बघितलं.

"लुकण इथे मिळतं वाटतं?"

"तुझी बहीण कुठे दिसत नाही."

तिला हसू आवरेना. टेबलावरच्या कारकुनाने दोघांना गप्प बसायला सांगितलं. हा किस्सा ती पुढे पंधरा वर्षं येईल त्याला सांगायची आणि दर वेळी रांग थोडी लांब करायची.

चार महिन्यांपूर्वी सकाळी अकराला सायरन झाला. ती कप विसळत होती. "छातीत काहीतरी अडकलंय," म्हणाली आणि खाली बसली. शेजारच्या शिंप्याने टेम्पो आणला. हॉस्पिटल पुलापलीकडे. पुलावर नाका होता आणि सायरन सुरू असेपर्यंत फाटक उघडायचं नाही असा हुकूम होता. शिपाई नवा होता. "मी उघडलं आणि वरून काही पडलं तर माझ्यावर येईल हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाऊण तास टेम्पो तिथे उभा राहिला. तिने मध्ये एकदाच डोळे उघडले.

"दुकानाला कुलूप लावलंत का?"

"लावलं," तो म्हणाला. लावलं नव्हतं.

त्या दिवशी वरून काही पडलंच नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित. त्या कदाचितचं आता काय करायचं, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही.

पहिले पंधरा दिवस माणसं येत होती. मग येईनाशी झाली. मग त्याच्यासमोर तिचं नावच कुणी काढेना. त्याला वाईट वाटेल म्हणून काढत नव्हते, हे त्यालाही कळत होतं. पण दिवस असे जायला लागले की तिच्याबद्दल बोलणारा तो एकटाच उरला, आणि एकट्याने बोलायचं तर वेड्यासारखं दिसतं.

अशा वेळी एका दुपारी शिंपी दुकानात आला. गळ्यात टेप तसाच. शिंपी हा तिशीपासूनचा दोस्त आणि या गल्लीतला कॅप्टनचा माणूस. आला तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वहिनींची फार आठवण येते रे."

एवढंच म्हणाला. काचवाल्याने हातातली हिरकणी खाली ठेवली आणि बोलायला लागला. होडीवाल्या सासऱ्यापासून सुरुवात केली. रांगेचा किस्सा सांगितला. कुलपाचंही सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. शिंप्याने मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. दीड तास झाला, दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. शेवटी शिंपी हळूच म्हणाला, "वहिनींचा एखादा चांगला फोटो आहे का? कॅप्टनसाहेबांना दाखवायचाय. अशा माणसांची आठवण राहिली पाहिजे, असं ते म्हणतात."

काचवाल्याने खणातून फोटो काढून दिला. कशासाठी, असं विचारलं नाही. तिच्याबद्दल दीड तास ऐकून घेणाऱ्याला तो त्या घडीला दुकानाची किल्लीही देऊन बसला असता.

तिसऱ्या दिवशी त्याने शटर वर केलं आणि समोर बघितलं. चौकात दोन खांबांच्या मध्ये बायको उभी होती. दोन मजली.

फोटो दुकानासमोर काढलेला होता. त्यात दोघं मिळून एक मोठी काच आत नेत होते, ती पुढच्या टोकाला, तो मागच्या. छपाईत त्यांनी त्याला कापून टाकला होता. काच तशीही फोटोत दिसत नव्हती, स्वच्छ पुसलेली होती. आता बॅनरवर ती एकटीच होती. दोन्ही हात पुढे केलेले, तोंड किंचित उघडं. ती त्या क्षणी 'हळू' म्हणत होती, हे फक्त त्याला ठाऊक होतं. बाकी कुणालाही वाटलं असतं की बाई जीव तोडून मदत मागतेय. शेजारी कॅप्टन हाताची घडी घालून उभे होते. खाली लाल अक्षरात होतं, 'आणखी किती बळी?'

तो बराच वेळ रस्त्यात उभा राहिला. एका सायकलवाल्याने त्याला वळसा घालताना शिवी घातली.

हे तिला आवडलं नसतं, हे त्याला पहिल्या नजरेतच कळलं. आवडलं नसतं म्हणजे काय, तिने त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला असता. जन्मभर ज्याचं मत पुसलं, त्याच्या शेजारी तिला उभी केली होती, आणि ते नवऱ्याने. दुपारी शिंप्याला सांगून उतरवायला लावू, असं त्याने ठरवलं. पण दुपारी भाकरतुकडा खायला बसताना त्याने स्टूल उचलून दाराकडे तोंड करून ठेवलं. जेवताना समोर ती होती. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशीही त्याने शिंप्याला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी शटर उघडताना तो तिच्याकडे बघायचा आणि संध्याकाळी कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून दाखवायचा. तिलाच दाखवायचा. लोक आता दुकानात येऊन बोलायला लागले होते. "काका, काकूंसाठी तरी कॅप्टनलाच मत." "आमच्या घरात दोन मतं मास्तरीणबाईंची होती, पण हा फोटो बघून आईने विचार बदलला." एक म्हातारी तर पदर डोळ्याला लावून गेली. ती त्यांच्या घरी कधी आली नव्हती. काचवाला मान डोलवायचा. ऐकताना बरं वाटायचं, आणि रात्री अंथरुणावर तो तिच्या जागेकडे पाठ करून झोपायचा.

मतदानाला तीन दिवस राहिले तेव्हा मेहुणी आली. तिला सगळे धाकटी म्हणायचे, पन्नाशी उलटली तरी. बसने दोन तासांवरून आली होती. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता ती दारात उभी राहून चौकाकडे बघत राहिली.

"भाऊजी, ताईचे हात बघितलेत?"

"काच धरलीय तिने."

"कुठंय काच?"

त्याने बॅनरकडे बोट केलं आणि खाली घेतलं.

"भीक मागतेय असं दिसतंय. माझी बहीण. तिने आयुष्यात मीठसुद्धा कुणाकडे उसनं मागितलं नाही." धाकटीचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "आणि पुलावरचं ते फाटक कुणाच्या हट्टापायी बसवलं ते तरी आठवतंय का? कॅप्टननेच मोर्चा काढला होता. बाईंनी घाबरून हो म्हटलं."

"बाईंनी वरच्यांना वेळीच आवरलं असतं तर सायरनच झाला नसता."

"असेल. तुमचंही बरोबर असेल. ते मला नाही कळत." ती स्टुलावर बसली. ते स्टूल कुठे तोंड करून ठेवलंय हे तिच्या लक्षात आलं. तिने समोर बघितलं. "इथे बसून जेवता?"

त्याने लुकणाचा गोळा हातात घेतला आणि मळायला लागला. "काढलं तर दिसणार नाही," तो म्हणाला.

धाकटीने डोळे पुसले. मग नीट, सावकाश बोलली. "तुम्हाला भीती वाटते हे ताईला माहीत होतं. तुम्ही कॅप्टनलाच मत द्या. तिने तुम्हाला कधी अडवलं नाही, मी कोण अडवणार? पण तुमचं तुम्ही द्या. तिचं देऊ नका. त्या बॅनरवर ती रोज कॅप्टनला मत देतेय, भाऊजी. एकदा नाही, शंभरदा देतेय."

संध्याकाळच्या बसने ती परत गेली.

काचवाला शिंप्याकडे गेला. शिंपी मशीनवर होता. "काढून टाक ते," काचवाला म्हणाला.

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. वहिनी आता काय तुझ्या एकट्याच्या राहिल्यात? सगळ्या शहराच्या झाल्यात."

"माझ्या एकट्याचीच आहे."

"अरे, कॅप्टन आले तर पुन्हा कुणाची बायको अशी जाणार नाही. तुझंही मत तेच ना?"

"माझं तेच आहे. तिचं नाही."

शिंप्याने मशीन थांबवलं. "मेलेल्या माणसाला मत नसतं रे," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच कसंतरी झालं. त्याने पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

मतदानाच्या आदल्या दिवशी भर दुपारी काचवाल्याने शिडी चौकात आणली. सगळा बाजार बघत होता. तो डाव्या खांबाला शिडी लावून वर चढला आणि दोरी सोडली. सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं. एकतीस वर्षं जोडीने काच उचललेला माणूस, आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे हे न बघता त्याने आपलं टोक सोडवलं होतं. वाऱ्याने बॅनर फुगलं, फडफडत त्याच्या अंगावर आलं आणि शिडी एका पायावर फिरली. बायकोचा प्रचंड हात त्याच्या तोंडावर आपटला. खालून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाईंनी किती पैसे दिले रे म्हाताऱ्याला?" दोघं-तिघं हसले.

मग शिडी एकदम स्थिर झाली. त्याने खाली बघितलं. शिंपी दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता, गळ्यात टेप.

"उतर खाली. पडलास तर उद्या तुझंच बॅनर लावावं लागेल, आणि तुझ्या तोंडाकडे बघून कोण मत देणार?"

दुसऱ्या खांबावर शिंपीच चढला, कुरकुरत. दोघांनी मिळून ते खाली घेतलं. रस्त्यावर अंथरून घडी घालताना शिंपी पाठमोरा चालत होता आणि दगडाला अडखळला.

"हळू," काचवाला म्हणाला.

शिंप्याने मान वर केली नाही. त्याने शिंप्यासारखीच नीट घडी घातली, कॅप्टन आत गेले आणि वहिनी वर राहिल्या. "पार्टीवाले विचारतील," तो म्हणाला. "वाऱ्याने पडलं म्हणेन. वारा होताच." आणि दुकानात निघून गेला. कॅप्टनच्या सभेला तो संध्याकाळी गेलाच, पण मागे उभा राहिला असं कळलं.

मतदानाच्या दिवशी पहाटे डोंगरात तोफा वाजल्या. लांबवर, पण गल्लीतली चार तावदानं गेली. काचवाला उठून दाराची कडी चाचपून आला. मग वरची. मग पुन्हा खालची. सात वर्षांचा असल्यासारखा तो अंधारात दाराला पाठ लावून बसला आणि घरात 'काही नाही हो, झोपा' म्हणणारं कुणी नव्हतं.

रांग लांब होती. सगळ्यांच्या तोंडावर पहाटेची भीती तशीच होती. टेबलावर तोच कारकून होता, आता केस पिकलेला. त्याने यादीवर पट्टी ठेवली, काचवाल्याचं नाव शोधलं, खूण केली. पट्टी एक ओळ खाली सरकली.

"आणि या? मागून येतायत?"

"नाही. वारली."

कारकुनाने त्याच्याकडे बघितलं. कदाचित त्याला ते रांगेतलं हसणं आठवलं असेल, कदाचित नसेल. त्याने लाल पेन घेतलं, पट्टी नीट धरली आणि तिच्या नावावरून सरळ रेघ ओढली.

आडोशामागे कागद आणि शिक्का होता. काचवाल्याने आज पहिल्यांदा सगळी नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मास्तरीणबाईंच्या नावापाशी तो थांबला. हात तिथे नेऊन बघितला. पण तो हात त्याचा होता, तिचा नव्हता, आणि तिच्या नावाने काहीतरी करायला आपण पुन्हा निघालो आहोत असं त्याला वाटलं. पहाटेच्या कड्या अजून बोटांना गार लागत होत्या. त्याने कॅप्टनवर शिक्का मारला, कागद दुमडला, पेटीत टाकला.

बाहेर येऊन तो फाटकापाशी थांबला.

थांबलो आहोत हे त्याला कळलंच नाही. माणसं बाहेर येत होती, आपापल्या वाटेने जात होती. ऊन गुडघ्यापर्यंत आलं. पहाऱ्यावरच्या हवालदाराने दोनदा बघितलं, मग जवळ आला.

"काका, मत दिलंत ना?"

"दिलं."

"मग? कुणी यायचंय का आतून?"

काचवाल्याने आत बघितलं. आडोशाचा पडदा हलला आणि एक अनोळखी माणूस बाहेर आला.

"नाही," तो म्हणाला. "जातो."

चौकात दोन खांब रिकामे उभे होते, एकाला त्याचीच सोडलेली दोरी लोंबत होती. गल्लीतली चार तावदानं आजच बसवायची होती. त्याने कुलूप काढलं, स्टूल आत ओढून भिंतीकडे सरकवलं आणि मापं घ्यायला वही उघडली. कॅप्टन निवडून येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काचवाल्यालाही. पण आजवर त्याने दिलेलं प्रत्येक मत फाटकापाशीच पुसलं गेलं होतं. हे एकच जसंच्या तसं पेटीत पडून होतं, आणि ते काय करेल, याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटत होती.